उभ्या तारा

घंटा वाजवण्याइतका धीर तिला नव्हता. तिने दारावर मूठ अशी हाणली की वरच्या मजल्यावरच्या म्हातारबुवांनी आपलं दार उघडलं, आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीतल्या तिघांनीही उघडलं असं भाऊजी आजही शपथेवर सांगतात.

"कोणाला मारायचंय?" आतून टाचणीबाईंनी विचारलं.

"चौघांना. यादी आणलीय."

"मग आत ये. एवढ्या तयारीने कोणी येत नाही हल्ली."

टाचणीबाईंचं हे नाव दोन कारणांनी पडलं होतं. एक म्हणजे अंगाने त्या तशाच होत्या, आणि दुसरं, कुठे टोचायचं ते त्यांना बरोबर कळायचं. एकोणीस वर्षं त्या खासगी तपासाची कामं घेत होत्या. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. म्हणून फायली सांभाळायला धाकटा दीर. भाऊजींना सगळं कळायचं, फक्त पाऊण तास उशिरा.

आलेली मुलगी अठ्ठावीसेक वर्षांची होती. बोटांवर तपकिरी डाग, डोळे लाल. रडून नव्हे, रागाने. प्रयोगशाळेत तिला ठिणगी म्हणत, आणि ते बरोबरच होतं.

तिने पत्र टेबलावर आपटलं. टाचणीबाईंनी मोठ्याने वाचलं. "चौकशी समितीने केलेल्या मोजमापात आपला नमुना सदोष आढळला आहे. आपण प्रबंधात दिलेले आलेख बनावट असल्याचे दिसते. अंतिम बैठक आज चार वाजता."

"पाच वर्षं," ठिणगी म्हणाली. "पाच वर्षं त्या द्रवात हात घालून बसलेय. चार वाजता मी खोटारडी ठरले की पदवी गेली. आणि उद्यापासून जगातली कुठलीही प्रयोगशाळा मला बाटल्या विसळायलाही ठेवणार नाही."

"तू नक्की बनवतेस काय?"

"तारा. कोबाल्ट आणि निकेलच्या मिश्रधातूच्या."

"तारा तर बाजारात मिळतात," भाऊजी म्हणाले.

"काका, तुमच्या डोक्यावरचा एक केस घ्या."

भाऊजींनी डोक्यावरून हात फिरवला. तिथे निवडायला फारसं काही नव्हतं.

"त्या केसाच्या जाडीत माझ्या चारशे तारा शेजारी शेजारी उभ्या राहतात. आणि चुंबकासमोर त्या अशा काही वागतात की... जाऊ दे. मी खोटं लिहिलेलं नाही. माझा नमुना कोणीतरी बदललाय. आणि कोणी ते मला माहीत आहे."

"कोणी?"

"जावईबापूंनी. माझे मार्गदर्शक सर आहेत ना, त्यांचे जावई. माझ्याच टेबलाशेजारी काम करतात. महिन्यापूर्वी सर म्हणाले, शोधनिबंधावर पहिलं नाव जावईबापूंचं टाक. मी नाही म्हटलं." ती जरा थांबली. "म्हणजे, थोडं मोठ्याने म्हटलं. माळी पळत आला."

टाचणीबाईंनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा.

"भाऊजी, चपला घाला."

*

प्रयोगशाळा लांबट होती. खिडक्यांना जाळ्या, कोपऱ्यात गळणारा नळ, नळाखाली बादली. ठिणगीच्या टेबलावर चंचुपात्रात डाळिंबाच्या सालीच्या रंगाचा द्रव होता.

"कोबाल्टचा क्षार गुलाबी, निकेलचा हिरवा," ती म्हणाली. "मिसळले की असा भिकार रंग येतो."

"आणि बोरिक ॲसिड," टाचणीबाई म्हणाल्या. "माझ्या माहेरी मुलाम्याचं दुकान होतं. सायकलींच्या हँडलांना निकेल चढवायचो. निकेलची खाज वडिलांच्या बोटांतून शेवटपर्यंत गेली नाही."

पहिल्यांदाच ठिणगीचा आवाज खाली आला. तिने एक पांढरी, नखाएवढी गोल चकती दाखवली. "ही ॲल्युमिनाची चाळणी. आरपार भोकं, अब्जावधी. एका बाजूला चांदीचा थर देऊन भोकांची बुडं बंद करायची. ही चांदीची बाजू वीज देणाऱ्या पट्टीला टेकवायची आणि द्रवात बुडवायची. वीज सोडली की धातू प्रत्येक भोकात बुडापासून वर चढत जातो. चाळीस मिनिटांत भोक भरतं. तार तयार."

"आणि भरून वाहायला लागलं तर?"

"वीज मोजणारा काटा एकदम उडी मारतो. उडी मारायच्या आत बंद करायचं. मी पाच वर्षं त्या काट्याकडे बघतेय, लग्नाच्या मुलाकडे बघावं तशी."

चकती पकडणारी पितळी कडी फार सुबक होती. टाचणीबाईंनी ती उचलून पाहिली.

"वडिलांनी कातून दिली," ठिणगी म्हणाली. "लेथवर असतात. सरांनी बाहेरून मागवायला नकार दिला होता. बाबांनी चौदा कड्या फुकट घालवल्या, मग ही जमली. त्यांना अजून पत्राचं सांगितलेलं नाही."

ती वळली आणि बराच वेळ बादलीकडे बघत राहिली.

तेवढ्यात जावईबापू आले. गोरे, घामट, हातात डबा. ठिणगीला पाहून ते दारातच थबकले.

"नमुन्याच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे असते म्हणे," टाचणीबाई म्हणाल्या.

"असते. पण डबी सीलबंद होती, बाई. हिनेच तुकडा घातला, हिचीच सही सीलवर. मी हात लावला नाही."

"सील वाफेवर सुटतं," ठिणगी म्हणाली.

"तुला मी चोर वाटतो?"

"मला तुम्ही जावई वाटता."

जावईबापू लाल झाले. टाचणीबाई मध्ये पडल्या. "तुम्ही काय बनवता?"

"त्याच धातूंचे पापुद्रे. सपाट, पातळ."

"लांबून सारखेच दिसतात की. ओळखता कसे?"

ठिणगीने खणातून रुपयाएवढं, जाडसर चुंबक काढून टेबलावर आडवं ठेवलं. चिमट्याने जावईबापूंच्या पापुद्र्याचा बारका तुकडा त्यावर सोडला. तुकडा टुणकन उठला आणि कडेवर उभा राहिला. मग तिने आपल्या चाळणीचा काळा तुकडा सोडला. तो चुंबकावर सपाट चिकटून बसला. तिने कड धरून उचलला आणि सोडला, परत सपाट.

"अरे," भाऊजी म्हणाले, "हा झोपतो आणि तो उभा राहतो."

"माझा झोपत नाही. माझ्या तारा चाळणीत उभ्या आहेत, ब्रशच्या केसांसारख्या. चुंबकाचा जोर खालून वर येतो, तारांना त्याच रेषेत राहायचं असतं. तारा उभ्या राहाव्यात म्हणून तुकडा सपाट बसतो. ह्यांच्या पापुद्र्याला जोर अंगातून सपाट जायला हवा, म्हणून तो कडेवर उठतो."

"समितीने ही गंमत पाहिली?"

"समितीने मला दारात उभं केलं नाही. चौकशी संपेपर्यंत आरोपीला मोजमाप दाखवायचं नाही, असा नियम आहे."

"म्हणजे तो सदोष आलेख तू पाहिलेलाच नाहीस?"

"नाही."

टाचणीबाईंनी ते चुंबक रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. "हे उसनं घेते."

*

मापनयंत्राच्या खोलीत जात्याच्या दोन तळ्या समोरासमोर उभ्या केल्यासारखं प्रचंड चुंबक होतं. भाऊजी आत शिरले तसा त्यांच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा उडाला आणि खाडकन तळीला जाऊन बसला. भाऊजी म्हणतात, आपणही दोन बोटं उचलले गेलो होतो.

"बाहेर पाटी आहे," मोजकाका म्हणाले. "वाचायला कोणाला वेळ आहे. सगळे शिकलेले."

मोजकाका सव्वीस वर्षं हे एकच यंत्र चालवत होते आणि सव्वीस वर्षं सगळ्यांवर चिडलेले होते. किल्ल्या सोडवता सोडवता त्यांनी तक्रारी सांगितल्या. लोक नमुने चहाच्या हातांनी आणतात. लोक वेळ घेऊन येत नाहीत. लोक चिठ्ठ्या भरत नाहीत.

"समितीच्या नमुन्याची चिठ्ठी आहे?"

त्यांनी पॅड पुढे टाकलं. चिठ्ठीवर नमुन्याचं नाव नुसतं 'क'. खाली सरांची सही. मधले रकाने कोरे.

"कोणाचा नमुना ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

"समितीचे नमुने बिननावाचेच येतात. पक्षपात नको म्हणून. मला काय, काळा तुकडा. इथे सगळेच काळे तुकडे."

"हा दिशेचा रकाना रिकामा आहे."

"बाई, रिकामाच असतो. दहातले नऊ पापुद्रे असतात. मी काचेच्या दांडीला चिकटवतो, कड चुंबकाकडे करतो, आत सोडतो. यंत्र कागद देतं. मी मोजतो, मत देत नाही. मत देणाऱ्यांना इथे पगार जास्त आहे."

"ठिणगीच्या चिठ्ठ्याही कोऱ्या असतात?"

"तिच्या?" मोजकाकांच्या कपाळावरची एक आठी कमी झाली. "ती चित्र काढते. दात घासायचा ब्रश आणि त्याच्या केसांच्या दिशेने बाण. पोरकटपणा. पण निदान भरते तरी."

"समितीच्या नमुन्याचा कागद कोणाला दिलात?"

"सरांच्या हातात. सही त्यांची, कागद त्यांना."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, हा माणूस कडू आहे. ह्यानेच केलं असेल."

"भाऊजी, कडू माणसं तक्रार करतात. कट करायला त्यांना फुरसत नसते."

*

सरांच्या खोलीत गारवा होता आणि मऊ खुर्च्या. मागच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत एक मोठं चित्र. त्यात दोन आलेख, एकाखाली एक. वरचा उशीसारखा फुगीर, चौकोनी. खालचा पिळून टाकलेल्या फडक्यासारखा, बारीक आणि तिरका.

"मला फार वाईट वाटतं," सर म्हणाले. "पोटच्या मुलीसारखी मानली तिला."

"समितीत हा विषय कळणारे किती जण?"

"दुर्दैवाने मी एकटाच. अध्यक्षबाई कापडाच्या रंगांवर काम करतात. एक पूल बांधणारे आहेत आणि एक पिकांचे रोग बघणारे."

"मग आलेख तुम्हीच वाचून दाखवला."

"सर्वांत आधी मीच पाहिला. बावीस वर्षं हेच करतोय, बाई. एका नजरेत कळलं."

"काय कळलं?"

"की त्या नमुन्यात तारा नाहीतच."

टाचणीबाईंनी भिंतीकडे बोट केलं. "हे दोघे कोण?"

सर हसले. शिक्षक नापास होणाऱ्या पोराकडे बघून हसतो तसे. "दोघे नाहीत. एकच नमुना आहे. माझा जुना शोध, ह्याच्यावरच नाव झालं माझं. पण तुम्हाला सांगून काय उपयोग."

"खरं आहे," टाचणीबाई उठल्या. "आमच्याकडे सायकलींची हँडलं यायची."

जिन्यात त्या एवढ्या जोरात पाय आपटत उतरल्या की कठडा थरथरला. भाऊजींना हा आवाज ओळखीचा होता. राग आला की वहिनी गप्प होत आणि पाय बोलत.

"जावईबापूंनीच ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"भाऊजी, पावणेचारला सर बैठकीला जातील. तुम्ही त्यांच्या खोलीत जा आणि ती सोनेरी चौकट उचलून आणा."

"म्हणजे चोरी?"

"उसनी. आज आपण सगळंच उसनं घेतोय."

*

चार वाजता बैठकीच्या खोलीत पाच खुर्च्या भरल्या. समितीचे चौघे, आणि आरोपीच्या बाजूने टाचणीबाई. ठिणगीला बाहेर बाकावर बसवलं होतं. काचेच्या दारातून तिची पाठ दिसत होती, ताठ. तिच्या शेजारी तेलाच्या डागांचा सदरा घातलेला एक माणूस येऊन बसला होता. कोणीतरी वडिलांना सांगितलं होतं. जावईबापूही बाहेरच, भिंतीला टेकून उभे होते.

अध्यक्षबाईंनी पाकीट फोडलं आणि आलेख टेबलावर ठेवला. बारीक, तिरका, पिळलेल्या फडक्यासारखा.

टाचणीबाईंनी श्वास सोडला. सकाळपासून त्या ह्याचीच वाट बघत होत्या.

"सर, ह्या आलेखावरून तुमचं म्हणणं काय?"

"सांगितलंय मी. ह्या नमुन्यात तारा नाहीत. ह्या विषयातल्या कोणालाही दिसेल."

"लिहून घ्याल?" त्या अध्यक्षबाईंना म्हणाल्या. अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं.

"आता नमुन्याची डबी. सील?"

"मोजमापानंतर मीच लावलं होतं. शाबूत आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि डबी उघडली. आत काळा, बारका चौकोन.

टाचणीबाईंनी रुमालातून चुंबक काढून टेबलावर आडवं ठेवलं. "ह्यावर पापुद्रा कडेवर उभा राहतो. उभ्या तारांची चाळणी सपाट बसते. बाहेर उभ्या असलेल्या जावईबापूंना विचारा, सकाळी त्यांच्यासमोरच पाहिलंय. तुम्हीच सोडा, बाई."

अध्यक्षबाईंनी चिमट्याने तुकडा सोडला. तो सपाट बसला. कड धरून उचलला, सोडला. परत सपाट. पूल बांधणारे खुर्चीतून अर्धे उठले. पिकांचे रोग बघणाऱ्यांनी चष्मा पुसला.

"सकाळपासून आम्ही चोर शोधत होतो," टाचणीबाई म्हणाल्या. "किल्ली कोणाकडे, सील कोणी सोडलं. त्या मुलीलाही तेच वाटतंय. पण नमुना कोणी बदललाच नाही. डबीला कोणी हात लावला नाही. हा तिचाच तुकडा आहे, आणि त्यात तारा आहेत."

"मग आलेख असा का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"कारण तुकडा चुकीच्या बाजूने मोजलाय. मोजकाका प्रत्येक तुकड्याची कड चुंबकाकडे करतात. पापुद्र्याला तेच बरोबर आहे. पण तारांच्या चाळणीची कड चुंबकाकडे केली, तर जोर तारांना आडवा लागतो, आणि तारा दाद देत नाहीत. मुलगी म्हणून चिठ्ठीवर ब्रश आणि बाण काढते. ही चिठ्ठी मात्र तिची नव्हती. दिशेचा रकाना कोरा, आणि खाली सही सरांची."

सरांनी रुमालाने ओठ टिपले. "विसरलो असेन. दिवसाला पन्नास चिठ्ठ्यांवर सही करतो. एका रकान्यासाठी एवढं नाटक?"

"नाही. रकाना मी माफ करते. माणूस विसरतो."

दार ढकललं गेलं आणि भाऊजी आत आले. घामाघूम, छातीशी सोनेरी चौकट. "वहिनी, ही भिंतीला खिळ्यांनी नव्हे, नशिबाने चिकटवली होती."

टाचणीबाईंनी चौकट टेबलावर आलेखाशेजारी ठेवली. वर फुगीर आकृती, खाली बारीक तिरकी. खालची आणि समितीचा कागद, दोन्ही एका छापाचे.

"खालच्या आकृतीखाली काय लिहिलंय, वाचा ना कोणीतरी."

पूल बांधणाऱ्यांनी वाचलं. "तारांना आडवं मोजमाप."

"आणि वरच्या?"

"तारांच्या दिशेने."

"एकच नमुना, दोन बाजूंनी. आज दुपारी सरांनीच मला सांगितलं. ह्या दोन आकृत्यांवर ह्यांचं नाव झालं. बावीस वर्षं ह्या पाठीमागे टांगून हे बसतात." टाचणीबाईंचा आवाज वाढला नाही, उलट खाली गेला, आणि तो जास्त वाईट होता. "परवा मोजकाकांनी कागद ह्यांच्या हातात दिला. एका नजरेत कळलं, हे ह्यांचेच शब्द. काय कळलं ते आता सगळ्यांना दिसतंय. तुकडा आडवा बसलाय, एवढं म्हणायचं होतं. वीस मिनिटांत परत मोजून झालं असतं. हे बोलले नाहीत. समितीत दुसऱ्या कोणाला कळणार नव्हतं, आणि जिला कळलं असतं तिला नियमाने दाराबाहेर ठेवलं होतं."

टाचणीबाईंनी चौकट अध्यक्षबाईंकडे सरकवली.

"जावईबापूंकडे किल्ली होती, पण समितीपुढे बोलायचा अधिकार नव्हता. मोजकाकांनी तुकडा बसवला, पण तो कोणाचा ते त्यांना माहीत नव्हतं. हा आलेख हातात घेऊन गप्प राहू शकणारा माणूस एकच होता. मुलगी खोटी ठरली असती, काम टेबलावर राहिलं असतं, आणि सहा महिन्यांनी तेच काम दुसऱ्या नावाने, बरोबर बाजूने मोजून, बाहेर आलं असतं. तर आता, सर, दोनातलं एक सांगा. तुम्हाला स्वतःच्याच भिंतीवरचा आलेख ओळखता येत नाही, की ओळखूनही तुम्ही खोटं बोललात? जे सांगाल ते बाई लिहून घेतील."

सरांनी परत रुमाल काढला.

जावईबापू दारात येऊन उभे होते. घाम गालावरून हनुवटीपर्यंत आला होता. "बाबा," ते सासऱ्यांना म्हणाले, "मी मागितलं होतं का हे? कधी मागितलं होतं? सकाळी ती मला चोर म्हणाली, आणि मला तिचाच राग आला." त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

अध्यक्षबाईंनी ठिणगीला आणि तिच्या वडिलांना आत बोलावलं आणि तुकडा मोजकाकांकडे पाठवला. ह्या वेळी चिठ्ठी ठिणगीने भरली. ब्रश, बाण, आणि बाण असा दाबून काढला की खालचे तीन कागद फाटले. पंचवीस मिनिटांनी मोजकाका स्वतः कागद घेऊन आले. सव्वीस वर्षांत ते पहिल्यांदाच त्या खोलीबाहेर आले, असं म्हणतात.

आलेख उशीसारखा फुगीर होता.

"मी मत देत नाही," मोजकाका म्हणाले, आणि कागद सरांच्या पुढ्यात न ठेवता ठिणगीच्या हातात दिला.

अध्यक्षबाईंनी पत्र रद्द केलं. प्रबंध दुसऱ्या मार्गदर्शकाकडे जाईल, सरांची चौकशी होईल, आणि ह्यापुढे कोऱ्या चिठ्ठीवर मोजमाप होणार नाही, असं त्यांनी तिथेच लिहिलं. सर जाताना दारात थांबले.

"हे बघ, शेवटी तुला हे सगळं शिकवलं मीच ना?"

"हो," ठिणगी म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला माफी नाही. ज्याला हे शिकवता येत नाही, त्याला तो आलेख ओळखताही आला नसता."

सर गेले. वडील इतका वेळ कोपऱ्यात उभे होते. ते पुढे आले आणि मोजकाकांनी परत आणून चुंबकावर ठेवलेल्या तुकड्याकडे वाकून बघत राहिले.

"हे माझ्या कडीतलं?"

"तुमच्याच कडीतलं, बाबा."

त्यांनी करंगळीने तुकड्याची कड उचलली. सोडली. तुकडा सपाट बसला. त्यांनी परत उचलली.

"वहिनी," भाऊजी एकदम म्हणाले, "म्हणजे सरांनीच केलं."

टाचणीबाईंनी घड्याळ पाहिलं. पाऊण तास झाला होता, बरोबर. मग त्या ठिणगीकडे वळल्या. "गेला का राग?"

"का जावा? आत्ता कुठे नीट पेटलाय." तिने बाह्या वर सारल्या. "बाबा, चला. द्रव ताजा आहे. अंधार पडायच्या आत एक चकती होईल, आणि काट्याकडे आज तुम्ही बघा."